खांद्याखालचा उजेड

कॅमेरा माझा नव्हता. आमच्या कॉलेजच्या मराठी विभागाचा होता. साबणाच्या वडीएवढा, रुपेरी, मनगटात अडकवायची काळी दोरी असलेला. दुसऱ्या वर्षाला आम्हाला गावच्या यात्रेवर प्रकल्प करायचा होता आणि माझ्या मोबाईलचा कॅमेरा फुटून वर्ष झालं होतं. हे सरांना सांगायला मला दोन दिवस लागले. सरांनी कपाट उघडलं, कॅमेरा काढला आणि रजिस्टरमध्ये माझी सही घेतली.

"याला डोळा लावून बघायची खिडकी नाही, नुसती स्क्रीन आहे. उन्हात दिसायची नाही. मेनूत जाऊन ब्राइटनेस वाढव," सर म्हणाले.

मी हो म्हणालो. कसा वाढवायचा ते विचारलं नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. त्यामुळे काय काय विचारायचं असतं हे मला कळत नाही, आणि कळलं तरी विचारायची लाज वाटते. पुढे जे झालं ते या सवयीमुळे झालं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आमचं गाव एकलहऱ्याच्या बाजूला. यात्रेच्या आखाड्यातून थर्मलच्या, म्हणजे तिथल्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. माझा मोठा भाऊ, दादा, तिथेच ठेकेदाराकडे कामाला आहे, कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर. दहावीनंतर त्याने शाळा सोडली आणि तालीम धरली. घरात दोघांना शिकवणं होणार नव्हतं, हे मला कुणी सांगितलं नाही, पण मला माहीत आहे. पहाटे तालीम, मग आठ तास पट्ट्यावर, संध्याकाळी पुन्हा तालीम. दहा वर्षं तो यात्रेत कुस्त्या खेळला, पण शेवटची मानाची कुस्ती त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती. गेल्या चैत्रात आली.

समोरचा पैलवान नामपूरचा होता. दादापेक्षा वयाने लहान, उंचीने जास्त, मान जाड. आमच्याकडे मानाची कुस्ती निकाली असते. बरोबरीत सोडवत नाहीत. दोन्ही खांदे एकदम मातीला टेकले की पाठ लागली, कुस्ती संपली. पंच दोन असतात, एक आमच्या गावचा आणि एक पाहुण्यांचा, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. जिंकणाऱ्याला गावचा भगवा फेटा बांधतात.

प्रकल्पासाठी म्हणून कमिटीने मला दोरीच्या आत बसू दिलं. दुपारचे तीन वाजले होते. ऊन असं होतं की लाल मातीतून वाफ डोळ्यावर येत होती. मी कॅमेरा सुरू केला आणि स्क्रीनवर मला माझंच तोंड दिसलं. त्याच्या मागे पांढरं आभाळ. बाकी सगळं काळं. हाताचा आडोसा केला, तर हाताच्या सावलीत लाल रंगाचं काहीतरी हललं आणि पुन्हा गेलं. मग ब्राइटनेस वाढवायला मेनू उघडला. पण मेनूही त्याच स्क्रीनवर होता. तो वाचता आला असता तर वाढवायची गरजच नव्हती. दोन बटणं चाचपली, काहीतरी आवाज झाला, आणि आपण आधीचे फोटो पुसून टाकतोय की काय या भीतीने मी हात काढून घेतला.

मी ठरवलं, अंदाजाने काढायचे. कॅमेरा मातीजवळ धरायचा आणि दाबत राहायचं.

सलामी झाली. दोघांनी वाकून माती उचलली, एकमेकांच्या अंगाला चोळली. आणि मग पहिलाच हात दादाच्या मानेवर पडला तो एवढ्या जोरात की हलगीवाल्याचा ठेका चुकला. मी दादाला लहानपणापासून खेळताना पाहिलंय, पण नेहमी लांबून. दोरीच्या आतून कुस्ती वेगळीच असते. आतून ती ऐकू येते. हाडावर हाड आपटल्याचा आवाज, नाकातून ओढलेला श्वास, दातांचं करकरणं. नामपूरच्या पैलवानाने दादाचं डोकं काखेत धरलं आणि मनगट दादाच्या कानावर घासत राहिला. कानाचा वरचा भाग फाटला. दादाने गुडघा त्याच्या मांडीत रोवला, दोनदा, तीनदा, त्याच जागी. त्या पैलवानाच्या तोंडातून लाळ आणि माती बाहेर आली.

"दाब! मानंवर दाब!" आमची माणसं ओरडत होती.

"मोडी टाक त्याले!" पलीकडून नामपूरची.

गर्दीत माझे वडील, अप्पा, होते. ते ओरडत नव्हते. दोरीच्या बांबूला धरून उभे होते.

पंधरा मिनिटं झाली असतील. मग दादाने त्याचा पट काढला, खाली वाकून दोन्ही पाय कवेत ओढले, आणि दोघेही उचलल्यासारखे होऊन माझ्या बाजूला आले. अगदी माझ्या अंगावर. मी कॅमेरा खाली धरून दाबत होतो आणि डोळे स्क्रीनवर होते. आता दिसेल, आता दिसेल, असं वाटत होतं. धप्प झालं. माझ्या तोंडावर माती उडाली. मान वर केली तेव्हा दादा त्याच्या छातीवर होता आणि दोघेही कुशीवर वळत होते.

कुस्ती माझ्यापासून हातभर अंतरावर झाली आणि मी ती पाहिली नाही.

"लागली!" आमचे पंच ओरडले. "पाठ लागली!"

"नही लागनी! एकच खांदा लागना!" पाहुण्यांचे पंच धावत आले.

गर्दी उठली. शेकडो माणसं मोबाईल धरून उभी होती, पण ती सगळी दादाच्या पाठीमागच्या बाजूला. नंतर लोकांनी वीसेक व्हिडिओ शोधून पाहिले. सगळ्यांत दादाची पाठ आहे, बाकी काही नाही. खांदा दिसेल अशा बाजूला पंच सोडले तर मी एकटाच होतो.

आमच्या पंचांना ते लक्षात आलं. साठी ओलांडलेला माणूस, स्वतः एके काळचा पैलवान. त्यांनी माझ्या हातातून कॅमेरा घेतला, डोळ्याजवळ नेला, लांब नेला, उलटा केला.

"मला काय दिसंना यात. तू सांग," ते म्हणाले. "तू शिकेल पोरगा. फोटोत काय हाय? लागली का नाय लागली?"

"पोरगा त्यासना भाऊ शे!" पाहुण्यांचे पंच म्हणाले.

"भाऊ हाय पण कॉलेजचा हाय. खोटं सांगल का?"

माझ्या हातात कॅमेरा आला. हलगी थांबली. मांडव वीस पावलांवर होता, तिथे सावली होती. एवढं म्हणायचं होतं की उन्हात दिसत नाही, सावलीत चला. पाच शब्द. पण एवढी माणसं पहिल्यांदाच मला काहीतरी विचारत होती. मी स्क्रीनकडे पाहिलं. त्यात मी होतो. घामाने भिजलेला, डोळे बारीक केलेला. नामपूरचा पैलवान एका गुडघ्यावर बसून माझ्याकडे बघत होता. दादाही बघत होता. त्याच्या कानातून रक्त मानेवर येत होतं.

"लागली," मी म्हणालो.

हलग्या सुटल्या. कुणीतरी गुलाल फेकला. नामपूरचा पैलवान उठला आणि सरळ माझ्याकडे आला. त्याने डाव्या हाताने माझी कॉलर धरली आणि मला जमिनीवरून वर घेतलं.

"खोटं बोली ऱ्हायना तू," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "मनी पाठ लागनी नही. तुले माहीत शे."

मला माहीत नव्हतं. खरं किंवा खोटं, मला काहीच माहीत नव्हतं. पण आता तेही सांगता येणार नव्हतं.

"हात काढ," दादा मागून म्हणाला. "माझा भाऊ कॉलेजला जातो. तो खोटं बोलत नाय."

त्याने हात काढला नाही. कॉलर आणखी पिळली. माझा श्वास कोंडला आणि कडेचं सगळं पिवळं दिसायला लागलं. मग दादाने तो हात मनगटात आणि कोपरात धरला. मला वाटलं, सोडवतोय. त्याने तो स्वतःच्या गुडघ्यावर घेतला आणि सगळं अंग त्यावर टाकलं.

आवाज लहान झाला. एवढ्या गोंगाटात तो फक्त आम्हा तिघांना ऐकू आला असेल. माझ्या कॉलरवरची बोटं एकेक करून सुटली. हात कोपराच्या खाली जिथे वाकायला नको तिथे वाकला होता. पैलवान ओरडला नाही. हाताकडे बघत राहिला, आणि त्याच्याबरोबर दादाही. दादाने तो हात इतका हळू खाली ठेवला की जणू अजून काही झालंच नव्हतं.

मग नामपूरची माणसं दोरी तोडून आत आली.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. दोरीचे बांबू उपटले गेले. पहिला बांबू दादाच्या डोक्यावर बसला तेव्हा तो अजून खालीच बघत होता. दुसरा त्याने हाताने अडवला. प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यांवरून उडत होत्या. आमच्या गल्लीतला एक शांत माणूस, जो माझी कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख आठवणीने विचारायचा, तो एकाच्या छातीवर बसून त्याच्या तोंडात माती कोंबत होता. हलगीवाल्याची काठी कुणाच्या तरी डोळ्याजवळ लागली. मला पाठीत लाथ बसली आणि मी पालथा पडलो. कॅमेरा पोटाखाली घेतला. बरगड्यांत लाथा बसत होत्या आणि माझ्या डोक्यात रजिस्टरमधली माझी सही होती. हे लिहायला लाज वाटते, पण तेच होतं. दादाचं काय झालं, अप्पांचं काय झालं, हे नंतर आलं. आधी सही.

पोलिसांची गाडी आली तेव्हा आखाड्यात चपला, फेट्याची निम्मी सुटलेली घडी आणि दात पडलेला एक म्हातारा उरला होता. दोन्ही गावच्या मोठ्या माणसांनी यात्रेत तक्रार नको म्हणून तिथेच मिटवलं. नामपूरवाले त्यांच्या पैलवानाला जीपमध्ये घालून घेऊन गेले. तो पुढच्या सीटवर बसला होता, मोडलेला हात मांडीवर, आणि जीप वळेपर्यंत माझ्याकडे बघत होता.

दादाच्या डोक्याला सात टाके पडले. टाके घालून झाल्यावर आमच्या पंचांनी आखाड्यातून उचलून आणलेला फेटा त्याच्या बँडेजवर तात्पुरता ठेवला आणि कुणीतरी फोटो काढला. अप्पा बाकावर बसले होते, बांबू धरलेला तळहात सोललेला. "शिकल्याचा उपयोग झाला," ते मला म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या शिकण्याबद्दल काही म्हटलं होतं.

मी दवाखान्याच्या ओट्यावर गेलो. तिथे पत्र्याची सावली होती. कॅमेरा सुरू केला. स्क्रीन स्वच्छ दिसत होती, एवढी स्वच्छ की मला राग आला. कुस्तीचे सत्तरेक फोटो होते. बरेचसे मातीचे, पायांचे, आभाळाचे. शेवटून सातवा फोटो मात्र हवा होता तसा निघाला होता. नामपूरचा पैलवान पाठीवर, दादा वर. उजवा खांदा मातीत रुतलेला. डावा खांदा वर. फार नाही, दोन बोटं. खांदा आणि माती यांच्यामध्ये उजेडाची एक पट्टी होती, आणि त्या पट्टीतून पलीकडे पाहुण्यांच्या पंचांच्या चपलेचा अंगठा दिसत होता. पुढच्या फोटोत दोघेही कुशीवर वळले होते.

मी फोटो मोठा करून पाहिला. बारीक करून पाहिला. अंगठा तिथेच होता.

पुसायचं बटण कुठे आहे ते आता दिसत होतं. मी त्यावर बोट ठेवलं. स्क्रीनवर प्रश्न आला, हो किंवा नाही. दुसऱ्यांदा त्या दिवशी कॅमेरा हातात घेऊन मला उत्तर द्यायचं होतं. मी कॅमेरा बंद केला.

नऊ दिवस मी काही बोललो नाही. चौकात लोक माझ्या पाठीवर थाप मारायचे. जिथे लाथ बसली होती नेमकी तिथेच. "वकील साहेब," कुणी म्हणायचं. दादा कामावर जात होता, पण तालमीत जात नव्हता. फेटा घरात खुंटीला होता. तो त्याच्याकडे बघायचाही नाही. एकदा जेवताना म्हणाला, "त्याचं हाड जुळलं असंल का? त्याच्या तालमीतल्या पोराकडून कळलं, दोन जागी मोडलंय." आईने विषय बदलला.

दहाव्या दिवशी मी त्याचा डबा घेऊन थर्मलच्या गेटवर गेलो. आईने मला पाठवलं नव्हतं, मीच डबा मागून घेतला होता. दादा भिंतीच्या सावलीत बसला होता, कोळशाच्या भुकटीने भुवयासुद्धा काळ्या. मी डबा ठेवला आणि कॅमेरा त्याच्यापुढे धरला.

तो बराच वेळ बघत राहिला. घास हातात होता.

"हे कधी पाहिलं तू?"

"दवाखान्यात."

"नाय. आखाड्यात काय पाहिलं होतं?"

"काहीच नाही. उन्हात स्क्रीन काळी दिसते. मला काहीच दिसत नव्हतं."

"मग बोललास कसं?"

"सगळे विचारत होते."

त्याने घास डब्यात ठेवला, उठला, आणि मला गळ्याला धरून भिंतीला लावलं. एका हाताने. माझ्या टाचा उचलल्या गेल्या. दादाने मला आजवर कधी बोटही लावलं नव्हतं, शाळेत नापास झालो तेव्हासुद्धा. त्याच्या हाताला कोळशाचा आणि लोणच्याचा वास येत होता.

"मला काय माहीत होतं?" तो म्हणाला. "माझं तोंड त्याच्या छातीत होतं रं. लागली का नाय, मला काय दिसतंय? तू म्हणला लागली, म्हणून लागली. मी त्याचा हात मोडला. तुझ्या शब्दावर मोडला."

गेटवरचा वॉचमन धावत आला. "ए, सोड त्याला! काय झालं?"

"काय नाय. भाऊ हाय," दादा म्हणाला आणि हात काढला. माझ्या गळ्यावर त्याची पाचही बोटं काळी उठली होती. तो खाली बसला, डबा बंद केला. जेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "रविवारी सुट्टी हाय माझी."

रविवारी आम्ही सटाण्यावरून जाणाऱ्या एसटीने नामपूरला गेलो. दादाने फेटा घडी करून पिशवीत घेतला होता. अप्पांना त्याने एवढंच सांगितलं की पाहुण्याची विचारपूस करून येतो. उतरलो तेव्हा कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर आली होती. एका ड्रायव्हरला घर विचारलं तर त्याने दादाच्या फाटक्या कानाकडे आणि डोक्यावरच्या टाक्यांकडे पाहिलं. "तूच का तो?" म्हणाला, आणि हाताने वाट दाखवली.

पैलवान अंगणात बाजेवर बसला होता. डावा हात बोटांपासून दंडापर्यंत प्लास्टरमध्ये, आईच्या जुन्या साडीच्या पट्टीने गळ्यात अडकवलेला. आम्हाला बघून तो उभा राहिला. त्याची आई सुपात काहीतरी पाखडत होती, तिनेही सूप ठेवलं.

दादाने पिशवी बाजेवर ठेवली. "हा तुझा हाय," म्हणाला. "माझ्या भावाला काहीतरी दाखवायचंय."

पैलवानाने फेट्याला हात लावला नाही. उजवा हात माझ्यापुढे केला. मी कॅमेऱ्यात तो फोटो लावला आणि कॅमेरा त्याला दिला. दुपारचा एक वाजला होता. अंगणात सावली म्हणून नव्हती.

त्याने बघितलं. डोळे बारीक केले, कॅमेरा तिरका केला.

"काय शे यात? काहीच दिसत नही."

"उन्हात दिसत नाही," मी म्हणालो. "सावलीत चला."

पाच शब्द. आखाड्यात ते माझ्या तोंडातून निघाले नव्हते, इथे पाण्यासारखे निघाले. पैलवानाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला फोटोच्या आधीच सगळं कळलं असावं.

तो आत गेला नाही. त्याची आई पुढे आली आणि तिने पदर पसरून त्याच्या हातावर धरला. त्या पदराखाली दोघांनी डोकी घातली. मला फक्त पदराची नक्षी दिसत होती, हिरवी, धुऊन फिकी झालेली. बराच वेळ गेला. आतून त्याचा आवाज आला, "दख माय. दोन बोट."

मग तो बाहेर आला. कॅमेरा आईच्या हातात दिला, नीट, दोरीसकट. आणि मला मारली.

एकच. उजव्या हाताची, उघड्या तळव्याची. माझं डोकं बाजूला गेलं, दात जिभेत रुतले, तोंडात रक्ताची खारट चव आली आणि डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. मी पडलो नाही, पण ते माझ्या ताकदीमुळे नाही. बाज आडवी आली. दादा माझ्याशेजारी उभा होता. त्याच्या मुठी वळल्या नव्हत्या. तो जागचा हलला नाही.

पैलवानाने पुन्हा हात उचलला नाही. त्याच्या आईने तांब्याभर पाणी आणलं, मला दिलं आणि म्हणाली, "चूळ भर. मंग पे." मी अंगणाच्या कडेला लाल चूळ टाकली. निघताना मागे पाहिलं तर तो बाजेवर बसला होता, पिशवी मांडीवर, आणि एका हाताने फेट्याची घडी उलगडायचा प्रयत्न करत होता.

परतीच्या बसमध्ये दादाने मला खिडकीची जागा दिली. ऊन माझ्या मांडीवर पडलं होतं. सटाणा मागे पडलं तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"दुखतंय?"

"ऐकू कमी येतंय."

त्याने माझी हनुवटी धरून तोंड त्याच्याकडे वळवलं आणि गालावर उठलेली बोटं नीट, एकेक करून बघितली, जशी तो तालमीत पोरांच्या जखमा बघतो.

"पाचही उठलेत," तो म्हणाला. "उजवा चांगला हाय त्याचा."